रग्बी लीगच्या क्लबमध्ये शेवटचा शब्द कोणाचा?

प्रश्न विचारणारे पुण्यात फिजिओथेरपी शिकून सिडनीला आलेत आणि वेस्टमेडला राहतात. त्यांचं म्हणणं असं: एनआरएल, म्हणजे इथली रग्बी लीगची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा, तिच्या एखाद्या क्लबमध्ये काम मिळवायचा प्रयत्न चालू आहे. बातम्यांत सगळीकडे हेड कोचचं नाव, पण जाहिरात वाचली तर रिपोर्टिंग परफॉर्मन्स विभागाच्या प्रमुखाला आणि मुलाखत घेणार जनरल मॅनेजर. मग क्लबमध्ये नक्की चालतं कोणाचं? दुखापत झालेल्या खेळाडूला खेळवायचंच असं कोचने ठरवलं, तर फिजिओच्या शब्दाला किंमत असते का? आणि संघ हरत राहिला की घरी जातो तो कोचच, असं का?

मी इथल्या एका क्लबच्या फुटबॉल विभागात बरीच वर्षं काम करतो. फुटबॉल म्हणजे सॉकर नव्हे. इथे रग्बी लीगलाच फुटी म्हणतात आणि क्लबच्या खेळाशी संबंधित सगळ्या कारभाराला फुटबॉल विभाग. त्या अनुभवावरून सांगतो.

येत्या शनिवारी मैदानात कोण उतरणार हे हेड कोच ठरवतो. दोन वर्षांनी क्लबमध्ये कोण असणार हे ठरवण्याची मुख्य जबाबदारी जनरल मॅनेजरची. खेळाडूचं शरीर खेळायला लायक आहे का, हे डॉक्टर सांगतो. आणि या तिघांना ठेवायचं की नाही, हे सीईओ आणि बोर्ड बघतात. मला विचाराल तर सगळी रचना एवढ्यासाठीच असते, की दर आठवड्याला जिंकण्याचं दडपण ज्याच्या डोक्यावर आहे त्याला जे निर्णय थंड डोक्याने घेता येणं शक्यच नाही, ते दुसऱ्या कोणाकडे तरी असावेत. यात कोचवर अविश्वास नाही, उलट त्याची सोय आहे.

आधी कोचचं काम बघू. हंगाम 27 आठवड्यांचा, त्यात प्रत्येक संघाचे 24 सामने, आणि दोन सामन्यांमध्ये कधीकधी जेमतेम पाच दिवस. मंगळवारी दुपारी चार वाजता संघ जाहीर करावा लागतो. म्हणजे सोमवारी व्हिडिओ बघून होईपर्यंत कोचच्या मनात निवड जवळपास पक्की झालेली असते. पुढचे दिवस सराव, शेवटी कॅप्टन्स रन, म्हणजे सामन्याआधीचा हलका सराव, मग सामना, की पुन्हा व्हिडिओ. इतक्या कमी वेळात तो एकटा सगळं बघूच शकत नाही. म्हणून अटॅकला एक असिस्टंट, डिफेन्सला एक, एक तरुण खेळाडूंसाठी, शिवाय किकिंगसाठी किंवा कुस्तीच्या पकडींसाठी कोणीतरी आठवड्यातून काही वेळा येणारं.

कुस्तीचं नाव ऐकून नवल वाटेल, पण लीगमध्ये टॅकल झालेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे देईपर्यंतचे दोन-चार सेकंद फार मोलाचे असतात. तो जितका उशिरा उठेल तितका समोरच्या बचावफळीला 10 मीटर मागे जाऊन उभं राहायला वेळ मिळतो. क्रेग बेलामी 2003 साली मेलबर्न स्टॉर्मचे हेड कोच झाले. जॉन डोनेह्यू हे त्यांच्याकडचे कुस्तीचे कोच, आणि त्या पकडींची चर्चा पुढे अख्ख्या लीगभर झाली. 2020 मध्ये नियम बदलला. टॅकलनंतरच्या झटापटीत चूक झाली की पेनल्टीऐवजी, चेंडू ज्याच्याकडे त्या संघाला मिळणाऱ्या सहा टॅकलची मोजणी नव्याने सुरू करायची, असं ठरलं. थांबे कमी झाले, खेळाडूंना दम खायला वेळ उरला नाही, आणि फिटनेस बघणाऱ्यांचं बैठकीतलं वजन एकदम वाढलं. एका नियमाने कोणाचं ऐकायचं हेच बदलून टाकलं. कोण कोणाच्या हाताखाली, हे दाखवणारा तक्ता मात्र भिंतीवर तसाच लटकत होता.

सामन्याच्या दिवशी कोच बहुधा मैदानाशेजारी नसतोच. स्टँडच्या वरच्या मजल्यावर काचेमागच्या लांबट खोलीत तो मध्ये बसतो, दोन्ही बाजूंना असिस्टंट, शेजारी किंवा मागे ॲनालिस्ट आणि त्याचे स्क्रीन. सगळ्यांच्या कानाला हेडसेट. 80 मिनिटांत आठच बदल करता येतात, आणि ते कसे वापरायचे याचा हिशेब गुरुवारीच कागदावर मांडलेला असतो. सुरुवातीचे प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू, साधारण विसाव्या ते पंचविसाव्या मिनिटाला बाहेर काढायचे, अशी योजना. आता समजा चौदाव्या मिनिटाला एक प्रॉप टॅकलवरून उठताना मांडीला हात लावतो. वरून हेडसेटवर प्रश्न येतो: "दमलाय की दुखतंय?" दमला असेल तर अजून पाच-सात मिनिटं ओढता येतील. दुखत असेल तर एक बदल आत्ताच खर्च करायचा, आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत ताजे पाय कमी पडणार हे गृहीत धरून पुढचं सगळं गणित फिरवायचं. या प्रश्नाचं उत्तर टचलाइनवरच्या मेडिकलच्या माणसाकडून येतं. ते "मला वाटतं" असं येऊन चालत नाही. तुमच्या शब्दाला किंमत किती, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता जनरल मॅनेजर. बाहेरच्या माणसाला हे पद सर्वांत कमी कळतं, आणि क्लबचं भवितव्य सर्वांत जास्त त्याच्याच हातात असतं. एनआरएलमध्ये मुख्य यादी 30 खेळाडूंची आणि त्यांच्या मानधनावर सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्यांचं मिळून इतकंच, त्यावर एक डॉलर नाही. करार 31 ऑक्टोबरला संपतात. पण करार संपायच्या बरोबर एक वर्ष आधी, 1 नोव्हेंबरपासून, त्या खेळाडूशी दुसरे क्लब उघडपणे बोलणी करू शकतात. म्हणजे 2027 अखेर करार संपणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे जनरल मॅनेजरला 2026 च्या इथल्या हिवाळ्यातच, म्हणजे जून ते ऑगस्टमध्येच, ठरवावं लागतं. नाहीतर नोव्हेंबर उजाडताच त्याचा एजंट चार क्लबच्या दारात उभा असतो.

इथेच कोच आणि मॅनेजर यांची गाठ पडते. सलग चार सामने हरलेल्या कोचला आत्ता, याच महिन्यात, एक अनुभवी प्रॉप हवा असतो. तो 32 वर्षांचा असतो आणि एजंट दोन वर्षांचा करार मागतो. मॅनेजरच्या डोळ्यांसमोर जर्सी फ्लेग कपमधला, म्हणजे 21 वर्षांखालच्या संघातला, एक 19 वर्षांचा मुलगा असतो. पुढच्या वर्षी त्याला हाच पैसा द्यावा लागणार, नाही दिला तर तो जाणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून चांगल्या क्लबमध्ये हा वाद रिक्रूटमेंटच्या बैठकीत होतो. तिथे हेड कोच, जनरल मॅनेजर, रिक्रूटमेंट मॅनेजर आणि बहुतेकदा सीईओ असतात. माझं ठाम मत असं: नको असलेला खेळाडू कोचच्या गळ्यात मारू नये, त्याच्या नकाराला मान असावा. पण एकट्या कोचच्या होकारावर कोणाला घेऊही नये. जो माणूस पुढच्या हंगामात इथे असेल याची खात्री नाही, त्याने तीन वर्षांचे पैसे बांधून टाकणं क्लबला परवडत नाही.

पेनरिथ पँथर्सचं उदाहरण मी नेहमी देतो. ते तुमच्या घरापासून लोकलने पोचता येईल इतकं जवळही आहे. फिल गोल्ड 2011 मध्ये तिथे जनरल मॅनेजर म्हणून आले आणि त्यांनी पश्चिम सिडनीतली स्थानिक मुलं घडवण्यावर सगळा भर दिला. पुढच्या काळात कोच बदलत राहिले. आयव्हन क्लिअरी 2012 ला आले, 2015 अखेर त्यांना काढलं. अँथनी ग्रिफिन आले, आणि ऑगस्ट 2018 मध्ये फायनल्स, म्हणजे साखळीतल्या पहिल्या आठ संघांचा शेवटचा टप्पा, तोंडावर असताना, संघ त्या आठात असताना, त्यांनाही जावं लागलं. 2019 ला क्लिअरी परत आले, वेस्ट्स टायगर्समधून. त्याच वर्षी गोल्ड गेले. वरकरणी हा नुसता गोंधळ. पण खाली, कनिष्ठ संघांमध्ये, काम तसंच चालू राहिलं होतं. नेथन क्लिअरी, जरोम लुआई, ब्रायन टोओ, स्टीफन क्रायटन ही मुलं त्यातूनच वर आली. 2020 च्या साखळीत पेनरिथ 20 पैकी एकच सामना हरलं, अंतिम सामना मात्र मेलबर्नने घेतला. त्यानंतर 2021, 2022, 2023, 2024, सलग चार विजेतेपदं.

या यशातला माझ्या कामाच्या दृष्टीने मोठा भाग वेगळाच आहे. 2022 चं विजेतेपद झाल्यावर क्लिअरींचे दोन्ही महत्त्वाचे असिस्टंट गेले. कॅमेरॉन सिराल्डो कँटरबरी बुलडॉग्सचे हेड कोच झाले, अँड्र्यू वेब्स्टर न्यूझीलंड वॉरियर्सचे. एवढे हात निघून गेल्यावर दुसरा क्लब ढेपाळला असता. पेनरिथने 2023 ही जिंकलं. माणसं गेली तरी काम कसं करायचं हे मागे राहिलं होतं. मेलबर्नचंही तसंच. मायकेल मॅग्वायर, ब्रॅड आर्थर, ॲडम ओब्रायन, जेसन राइल्स हे सगळे बेलामींच्या हाताखाली राहून पुढे हेड कोच झाले, आणि स्वतः बेलामी ब्रिस्बेनमध्ये वेन बेनेट यांचे असिस्टंट होते. असिस्टंटची जागा ही निव्वळ मदतनिसाची जागा मानणारे क्लब इथेच मागे पडतात.

मेलबर्नचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. एप्रिल 2010 मध्ये उघड झालं की क्लबने सॅलरी कॅप चुकवण्यासाठी दोन वेगळ्या चोपड्या ठेवल्या होत्या. 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली गेली, आणि त्या हंगामाचे उरलेले सामने संघाला एकही गुण मिळणार नाही हे माहीत असताना खेळावे लागले. तो व्यवहार कार्यालयातला होता, मैदानातला नव्हता. बेलामी राहिले, 2012 मध्ये पुन्हा विजेतेपद मिळालं. कॅपची वही एका माणसाच्या कपाटात असू नये, दोघा-तिघांनी ती स्वतंत्रपणे तपासावी, हे तेव्हापासून प्रत्येक क्लबला पटलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कोच विरुद्ध फिजिओ.

डोक्याच्या दुखापतीत कोचचा आवाज चालतच नाही, नियमानेच चालत नाही. लक्षणं स्पष्ट असतील तर खेळाडू परत मैदानात येत नाही. शंका असेल तर 15 मिनिटांची तपासणी. क्लबच्या डॉक्टरच्या नजरेतून सुटलं तर लीगने नेमलेला स्वतंत्र डॉक्टर स्क्रीनवर सामना बघत असतो, तो खेळाडूला बाहेर काढायला लावू शकतो. कन्कशन, म्हणजे डोक्याच्या मारामुळे मेंदूला झालेली इजा, असं ठरलं की 2023 पासून साधारण 11 दिवस सक्तीची विश्रांती, म्हणजे पुढचा सामना बहुतेक गेलाच. यात वाद घालायला जागा ठेवलेली नाही आणि ते उत्तम आहे. टॅकलमध्ये आपटलेला 22 वर्षांचा मुलगा स्वतः "मी ठीक आहे" म्हणणारच; त्याच्या वतीने नाही म्हणणारं कोणीतरी हवंच.

अवघड जागा आहे ती हॅमस्ट्रिंगची, खांद्याची, घोट्याची. तिथे नियम नाही, अंदाज आहे. गुरुवारच्या सरावात विंगरला पूर्ण वेगाच्या जवळ पळवून बघतात. खांद्यांच्या मधोमध बसवलेलं जीपीएस सांगतं की तो आपल्या नेहमीच्या कमाल वेगाच्या किती टक्क्यांपर्यंत गेला. नव्वदीच्या वर गेला, दुसऱ्या दिवशी आखडलं नाही, ताकदीची चाचणी दोन्ही पायांत सारखी आली, तर हिरवा. एखादी गोष्ट कमी पडली तर पिवळा. पिवळा म्हणजे खेळू शकेल, पण धोका आहे, आणि तो धोका पत्करायचा की नाही हे कोच, डॉक्टर आणि खेळाडू मिळून ठरवतील. लाल म्हणजे विषय संपला. फिजिओने पिवळ्याला हिरवं म्हणायचं नसतं, आणि स्वतःचा जीव सांभाळायला हिरव्याला पिवळंही म्हणायचं नसतं. दुसऱ्या प्रकारचे फिजिओ कोचचा विश्वास लवकर गमावतात, कारण काही आठवड्यांत त्यांच्या पिवळ्याला अर्थच उरत नाही.

हे जमायला रिपोर्टिंगची रेघ महत्त्वाची. फिजिओ परफॉर्मन्स किंवा मेडिकलच्या प्रमुखाला उत्तर देतो, तो जनरल मॅनेजरला. कोच त्यांचा रोजचा सहकारी, पण त्यांची नोकरी त्याच्या मर्जीवर नसावी. तुमच्या जाहिरातीत जे लिहिलंय ते याचसाठी.

ही रेघ पुसली गेली की काय होतं, याचा धडा क्रोनुला शार्क्सने 2011 मध्ये दिला. बाहेरून आलेल्या एका क्रीडाशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली खेळाडूंना पूरक द्रव्यं दिली गेली. पुढे चौकशी झाली, लीगने क्लबला दंड केला आणि डिसेंबर 2013 मध्ये हेड कोच शेन फ्लॅनगन यांना बारा महिन्यांसाठी निलंबित केलं. 2014 मध्ये त्या वेळच्या अनेक खेळाडूंनी बारा महिन्यांची, मागील तारखेपासून धरलेली बंदी स्वीकारली. लीगने बोट ठेवलं ते कारभारावर: कोणाच्या शरीरात काय जातंय यावर ज्यांनी लक्ष ठेवायचं त्यांनी ते ठेवलं नाही. फ्लॅनगन परत आले, 2016 मध्ये त्यांच्याच हाताखाली क्रोनुलाने आपलं पहिलं विजेतेपद जिंकलं. पण निलंबनाच्या काळात ते क्लबशी ईमेलवरून संपर्कात होते हे नंतर उघड झालं आणि डिसेंबर 2018 मध्ये लीगने त्यांची नोंदणीच रद्द केली. 2024 ला ते सेंट जॉर्ज इलावाराचे हेड कोच म्हणून पुन्हा उभे राहिले. त्या खेळाडूंची बंदीची नोंद मात्र कायम राहिली, आणि मला त्यांचं जास्त वाईट वाटतं. त्यांनी क्लबवर भरवसा ठेवला होता.

तिसरा प्रश्न, कोचच का जातो. साधं कारण पैशाचं: 30 खेळाडूंचे करार मोडता येत नाहीत, मोडले तरी त्यांची रक्कम कॅपमध्ये मोजली जाण्याची टांगती तलवार असते. कोचचा एकच करार, त्याची भरपाई दिली की झालं. शिवाय बोर्डाला सभासदांना, प्रायोजकांना काहीतरी केल्याचं दाखवायचं असतं. कधी ते फळतंही. ब्रिस्बेन ब्राँकोज 2023 चा अंतिम सामना पेनरिथकडून 24-26 असा हरले, 2024 ला फायनल्सही गाठू शकले नाहीत, केविन वॉल्टर्स गेले, मॅग्वायर आले आणि 2025 चं विजेतेपद मिळालं. पण 2025 चा संघ एका वर्षात बांधलेला नव्हता. त्यातले कितीतरी खेळाडू वॉल्टर्सच्याच काळात घडलेले होते. कोचला काढताना बोर्डाने त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ही यादी कोणी बांधली, आणि तो माणूस कुठे आहे? तो प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि मग तीन वर्षांत तीन कोच होतात.

इंग्लंडमध्ये चित्र थोडं निराळं. सुपर लीगची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेची, कॅप 21 लाख पौंडांच्या आसपास, बहुतेक क्लब एखाद्या मालकाच्या खिशावर चालणारे, म्हणून माणसं कमी आणि एकाच्या गळ्यात दोन-तीन कामं. तरीही विगनकडे बघा. माजी फुलबॅक क्रिस रॅडलिन्स्की कारभार सांभाळतात. मॅट पीट व्यावसायिक लीग कधीच खेळले नाहीत. क्लबच्याच अकादमीत मुलांना शिकवत वर आले आणि 2022 च्या हंगामापासून हेड कोच झाले. 2024 मध्ये त्यांनी वर्ल्ड क्लब चॅलेंज, चॅलेंज कप, साखळीतलं अव्वल स्थान आणि ग्रँड फायनल, चारही जिंकलं. आपण हा खेळ लहानपणी खेळलो नाही म्हणून इथे आपल्याला जागा नाही, असं मनात असेल तर पीट यांची वाटचाल वाचा.

शेवटी तुमच्या कामाचं. ऑस्ट्रेलियात फिजिओ म्हणून काम करायला ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी काउन्सिलचं मूल्यांकन आणि आह्प्राची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते. ती प्रक्रिया चालू नसेल तर आजच सुरू करा, तिला वेळ लागतो. पहिल्या संघाच्या दारावर थेट धडकू नका. 17 वर्षांखालचा हॅरोल्ड मॅथ्यूज कप आणि 19 वर्षांखालचा एसजी बॉल कप फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो, सराव नोव्हेंबरपासूनच. या संघांना मेडिकलची माणसं नेहमी कमी पडतात. मुलं अल्पवयीन असल्याने न्यू साउथ वेल्सचा 'वर्किंग विथ चिल्ड्रन' दाखला आधी काढून ठेवा. लीग फर्स्ट एड किंवा स्पोर्ट्स ट्रेनरचा पहिल्या पातळीचा कोर्स केलात तर स्थानिक क्लबमध्ये लगेच उभं राहता येतं, आणि पॅरामाटा, ब्लॅकटाउन, पेनरिथ पट्ट्यात असे क्लब भरपूर आहेत.

आणि मुलाखतीत जनरल मॅनेजरला दोन गोष्टी सरळ विचारा. खेळाडूच्या फिटनेसच्या नोंदीवर शेवटची सही कोणाची? आणि मेडिकलच्या माणसाचं वार्षिक मूल्यमापन करताना हेड कोचचं मत किती धरलं जातं? पहिल्याचं उत्तर "डॉक्टरची" असं चटकन आलं आणि दुसऱ्यावर ते थोडं थांबून, विचार करून बोलले, तर ती नोकरी घ्या.